लिंबाच्या सालपटातले जंतुनाशक



व्याख्यानाचा विषय वाचून काही मंडळी घरगुती औषधाची कृती ऐकायला आली असतील. तशी कृती आमच्यापाशी नाही. आम्ही शाळा सातवीत सोडली. पुढचे शिक्षण सुटीच्या दिवशी वाचनालयात झाले. जेवढे उमगले तेवढेच सांगतो.

साताऱ्याची रसवंती घ्या की सांगलीतली खानावळ, लिंबू पिळले की साल उकिरड्यावर जाते. ती साल पेटत्या समईजवळ धरून चिमटा, ज्योत तडतडेल. सालीतल्या बारीक पिशव्यांतले तेल उडाले. त्यातले मुख्य द्रव्य लिमोनीन. जंतूच्या अंगावर स्निग्ध पापुद्रा असतो. हे तेल त्यात मुरते, पापुद्रा सैल पडतो आणि आतला ऐवज झिरपून जातो. ज्यांना बाहेरून आणखी एक आवरण असते ते जंतू मात्र सहजासहजी दाद देत नाहीत.

याचा पुरावा गोबरगॅसच्या टाकीतही मिळतो. लिंबा-संत्र्यांची साल फार घातली की गॅस मंदावतो, कारण गॅस करणाऱ्या जंतूंनाच ते तेल बाधते. रसाच्या कारखान्यात संत्र्याचे सुमारे निम्मे वजन साल-चोथ्यात जाते. म्हणून आधी वाफेने तेल काढावे आणि मग उरलेले टाकीत घालावे.

इथे कोणी शेतकरी विचारील, ‘साल एवढी जंतुनाशक, तर तिच्यावरच खैऱ्या कसा पडतो?’ प्रश्न रास्त आहे. आटपाडीकडचे डाळिंबवाले ज्या तेल्याने गांजले, त्याच्याच कुळातला हा जंतू. तेल पिशव्यांत कोंडलेले राहते आणि जंतू जखमेतून, रंध्रांतून आत शिरतो. तेव्हा द्रव्य असणे वेगळे आणि ते जागेवर, पुरेसे पोचणे वेगळे. पिंपरीला १९५४ साली सरकारी कारखाना निघाला तो पेनिसिलिनसाठी. ते पोटातून किंवा सुईने रक्तात जाते आणि थोडक्यात काम करते. सालीचे तेल फरशी पुसायला, भांडी घासायला ठीक. त्याला पेनिसिलिनच्या पंगतीला बसवू नये.

रसाची गोष्ट निराळी. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊ देशात पटकीच्या साथीत असे आढळले, की भातावरच्या कालवणात लिंबू पिळणाऱ्यांना रोग कमी झाला. पटकीच्या जंतूला आंबट सोसत नाही.

आता बाटलीचे पाहू. पपनसाच्या जातीतल्या ग्रेपफ्रूट नावाच्या फळाच्या बियांचा अर्क ‘नैसर्गिक जंतुनाशक’ म्हणून परदेशांत फार खपला. १९९९ साली जर्मन संशोधकांनी सहा अर्क तपासले. पाचांत बेन्झेथोनियम क्लोराइड हे कारखान्यात बनवलेले जंतुनाशक निघाले. सहाव्यात असले काही नव्हते, आणि त्याने जंतूही मेले नाहीत! फळाच्या नावावर रसायन विकले जात होते. उद्या आपल्याकडे कोणी असा धंदा काढला, तर बाटलीवरचे फळाचे चित्र पाहून भुलू नका. तपासणीचा कागद मागा.

आम्ही कामगारांतले, म्हणून शेवटी हातांकडे येतो. जंतूचा पापुद्रा सैल करणारे द्रव्य आपल्या कातडीवर मेहेरबानी करत नाही. शिवाय लिंबाच्या सालीत दुसरीही द्रव्ये असतात. ती हाताला लागून वर ऊन पडले की भाजल्यासारखे फोड येतात आणि काळे डाग मागे राहतात. लोणच्यासाठी लिंबे चिरणाऱ्या आमच्या बायांची ही तक्रार होती. मुकादम म्हणाला, ‘लिंबू तर औषध, त्याने काय होतंय?’ एक बाई म्हणाली, ‘मग दादा, आज तुम्हीच चिरा, आणि दुपारचं अंगणात बसा.’

आम्ही तीन गोष्टी मागितल्या: चिरण्याची जागा सावलीत, उन्हात निघण्यापूर्वी साबण-पाणी, आणि हातमोजे. पहिल्या दोन लगेच मिळाल्या. हातमोज्यांचे पैसे मजुरीतून कापायचे नाहीत, हे कबूल करून घ्यायला मात्र तीन बैठका लागल्या.