न बोललेले वाक्य
(वार्षिक संमेलनात, वाटूर येथे दिलेले भाषण)



कायद्याच्या प्रवेशासाठी महाराष्ट्रात 2016 पासून सीईटी द्यावी लागते. तिचे प्रश्न मराठीतही असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. क्लॅटचे तसे नाही. ती इंग्रजीतच असते आणि चुकले की पाव गुण जातो. दोन्हींत तर्काचे प्रश्न असतात. आपली मुले त्यातल्या 'गृहीतकां'ना फार बिचकतात. उर्दू माध्यमाच्या मुलांना 'मफरूजा' म्हटले की अर्धी भीती जाते.

बोलणारा जे बोलत नाही, पण ज्याच्याशिवाय त्याचे बोलणे उभे राहत नाही, ते गृहीतक. निष्कर्ष विधानानंतर येतो. हे विधानाच्या आधीचे असते. समजा मी म्हणालो, "फाट्यावरून आठची एसटी धर, दहाच्या पेपरला जालन्यात पोचशील." ती गाडी दहाच्या आत जालन्यात पोचते, हे मी गृहीत धरले. दुसरे वाहनच नाही, असे मात्र मी धरलेले नाही. जीप असली म्हणून माझा सल्ला खोटा ठरत नाही.

यातच कसोटी आली. दिलेले गृहीतक उलटे करून पाहावे. मूळ बोलणे कोसळले तर ते गृहीतक खरे. नाही कोसळले तर सोडून द्यावे.

आता जवळचे उदाहरण घेऊ. "तालुक्याच्या गावी मुलींचे वसतिगृह काढावे, म्हणजे खेड्यांतल्या अधिक मुली बारावीनंतर शिकतील." पहिले गृहीतक : राहण्याच्या सोयीअभावी काही मुलींचे शिक्षण थांबते. दुसरे : आपल्या पालकांना मुलींच्या शिक्षणाची आस्था नाही. वर्गात पुष्कळ हात दुसऱ्यासाठी वर होतात, आणि ते आपल्याच मुलांचे असतात! पण उलटे करून पाहा. पालकांना आस्था आहे असे म्हटले, तर वसतिगृहाची मागणी कोसळते का? उलट बळकट होते. आस्थाच नसेल तर वसतिगृहात मुलींना पाठवील कोण? आपल्याविषयी बाहेर ऐकलेले मत मुलांनी प्रश्नात घुसडले, एवढाच त्याचा अर्थ. पहिले मात्र उलटवले की सारी मागणी निरर्थक होते. 'सर्व', 'फक्त', 'कधीच नाही' असे शब्द दिसले तरी जपून असावे. सर्व पालक मुली पाठवतील, असे त्या विधानाने कुठे धरले आहे?

ही केवळ परीक्षेपुरती कसरत नव्हे. 1897 साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा आधी नाकारलेला जामीन न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी दिला. 1874 साली मुंबईत अंजुमन-इ-इस्लाम स्थापन करणाऱ्यांपैकी ते एक. आरोप गंभीर, म्हणून जामीन नको, या बोलण्यात 'असा आरोपी खटल्याला हजर राहणार नाही' हे वाक्य दडलेले असते. आरोपी हजर राहील की नाही, तय्यबजींनी नेमके तेच पाहिले.

जाता जाता एक विधान देतो. "पोरगा उर्दू शाळेत शिकला, त्याला वकिली काय जमणार?" यात काय गृहीत धरले आहे, ते घरी लिहून काढा आणि उलटे करून पाहा. वह्या सोमवारी तपासीन.