दोन घरें, एक दप्तर
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेंतील भाषण)



गेले कांहीं दिवस या मंडपांत आपण आपल्या पूर्वजांचें स्मरण करीत आहों. ज्यांनीं देऊळ बांधलें, ज्यांनीं घंटा आणिली, ज्यांनीं शाळेच्या पहिल्या खोलीसाठीं स्वतः विटा वाहिल्या, त्या सर्वांस आपण आदरांजलि वाहिली. तें उचितच झालें. परंतु महोत्सव म्हणजे केवळ वाद्यें व पताका नव्हेत. जुन्या करारांत लेवीय पुस्तकानें पन्नासावें वर्ष पवित्र मानण्यास सांगितलें, तें बंधनांतून सुटका व्हावी आणि प्रत्येकानें आपल्या कुटुंबांत परत जावें म्हणून. तेव्हां ज्यांचें कुटुंबच दुभंगलें आहे अशा लेंकरांची आठवण या वर्षीं न करणें हें योग्य होणार नाहीं.

आमचा विषय असा आहे: पतिपत्नी विभक्त राहूं लागलीं म्हणजे त्यांच्या मुलांच्या शाळेचें काय होतें? हा विषय महोत्सवास शोभत नाहीं असें कोणास वाटेल. आम्हांसही तसें वाटलें होतें. परंतु या बाबतींत आमच्या हातून एक चूक घडली आहे, आणि ती आपणांपुढें मांडल्यावांचून दुसऱ्यास उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस पोंचत नाहीं.

हकीकत सांगतों, माणसें ओळखूं येऊं नयेत म्हणून नांवगांव सांगत नाहीं. सातवींत शिकणारी बारा वर्षांची एक मुलगी. बाप आपल्याच गांवांत. आई जून महिन्यांत, शाळा उघडण्याच्या सुमारास, मुलीला घेऊन वैतरणेपलीकडे आपल्या माहेरीं गेली. दोष कोणाचा होता हें आम्ही सांगणार नाहीं. तें आम्हांस ठाऊक नाहीं, आणि ज्यांस तें ठाऊक आहे असें वाटतें त्यांसही बहुधा तें पुरतें ठाऊक नसेल. आईनें तिकडील शाळेंत नांव घालण्यासाठीं आमच्याकडे शाळा सोडल्याचा दाखला मागितला. दुसऱ्याच दिवशीं बापाची चिठ्ठी आली कीं, आपल्या सहीवांचून दाखला कोणासही देऊं नये. आम्हीं काय केलें? कपाटाला कुलूप लावलें आणि स्वस्थ बसलों. नवराबायकोच्या भांडणांत शाळेनें पडूं नये, अशी आम्हीं आपली समजूत घातली. आपण कोणाचीच बाजू घेतली नाहीं याचें समाधानही आम्हांस वाटलें.

तिकडील शाळेनें दाखला येईपर्यंत मुलीला नुसतें वर्गांत बसूं दिलें. तेथें ती होती, पण हजेरीपटावर तिचें नांव नव्हतें. इकडे आमच्या पटावर तिचें नांव होतें. तें रोज पुकारलें जाई आणि त्यापुढें रोज गैरहजेरीची खूण पडे. गणपतीच्या सुट्टींत बापानें तिला घरीं आणिलें, तें परत पाठविलेंच नाहीं. म्हणून पंधरा दिवस ती पुन्हां आमच्या वर्गांत येऊन बसली. त्या वेळीं एका शिक्षकानें तिला भर वर्गांत उभें केलें व विचारलें, “आतां तूं कोणाकडे राहणार आहेस?” तो शिक्षक म्हणजे आम्हीच. हेतु वाईट नव्हता. पटांत काय लिहावें एवढेंच आम्हांस हवें होतें. मुलीनें उत्तर दिलें नाहीं. ती फळ्याकडे पाहत उभी राहिली. खालीं बस असें सांगावयासही आम्हांस बराच वेळ सुचलें नाहीं.

ज्या प्रश्नापायीं तिला दोन्हीं घरांत झोंप येत नव्हती, तोच प्रश्न आम्हीं तिला सर्व मुलांदेखत विचारला. तो जेथें कोणी विचारीत नव्हतें अशी शाळा ही एकच जागा तिला उरली होती. तीही आम्हीं हिरावून घेतली.

दिवाळीच्या सुमारास यांतून मार्ग निघाला, तो आमच्यामुळें नव्हे. मुलीची धर्ममाता ही वाडींत भाजी पिकवून बाजारांत नेणारी बाई. शाळा तिनें फारशी पाहिलेली नाहीं. ती प्रथम बापाकडे गेली, मग नदीपलीकडे आईकडे गेली. कोण चुकलें हें तिनें कोणासही विचारलें नाहीं. “पोरीचीं पुस्तकें कोठें आहेत?” एवढेंच तिनें विचारलें. गणिताचें पुस्तक बापाच्या घरीं निघालें, भूगोलाचें आईच्या. इंग्रजीची वही कोठें राहिली हें कोणासच सांगतां येईना. मिळालें तेवढें तिनें एका पिशवींत भरलें, आणि फादरांच्या कचेरींत दोघांना बोलावून ती पिशवी त्यांच्यापुढें ठेविली. त्या बैठकींत असें ठरलें कीं, वर्ष संपेपर्यंत मुलीनें आईकडे राहून तिकडच्याच शाळेंत जावें. बापानें दाखल्यास संमति द्यावी. शनिवारीं दुपारीं मुलीनें बापाकडे यावें व रविवारच्या मिस्सानंतर परत जावें. वह्यापुस्तकांचा व जाण्यायेण्याचा खर्च दोघांनीं निम्मा सोसावा. पतिपत्नी पुन्हां एकत्र आलीं, असें सांगतां आलें असतें तर आम्हांस आनंद वाटला असता. पण तसें झालें नाहीं. मुलगी मात्र आठवींत गेली.

शलमोन राजापुढें दोन स्त्रिया एकाच मुलासाठीं भांडत आल्या, ती कथा आपण सर्व जाणतों. राजानें तलवार मागविली, परंतु ती चालविण्याची वेळ आली नाहीं. कारण खऱ्या आईनें आपला हक्क सोडून दिला. तिला मूल जिवंत हवें होतें. आमच्या या हकीकतींत मात्र तलवार चालली. ती दप्तरावर पडली, आणि जून ते दिवाळी इतक्या महिन्यांच्या अभ्यासाचे दोन तुकडे झाले.

आतां या बाबतींत कायदा काय म्हणतो तें थोडक्यांत पाहूं. कारण पुष्कळांस वाटतें कीं, ज्याच्या हातीं दाखला त्याच्या हातीं मूल. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याप्रमाणें पालक नेमतांना न्यायालयानें अल्पवयी मुलाचें हित पाहावयाचें असतें. आपणां ख्रिस्ती लोकांस लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्याच्या ४१ व्या कलमानें, विभक्ततेचा दावा चालू असतांनाही मुलांचा ताबा, पोषण व शिक्षण यांविषयीं हुकूम देण्याचा अधिकार न्यायालयास आहे. २००१ सालच्या दुरुस्तीनें त्यांत अशी भर घातली कीं, दावा चालू असतांना मुलांच्या पोषणासाठीं व शिक्षणासाठीं केलेला अर्ज, समोरच्या पक्षास नोटीस पोंचल्यापासून शक्यतों ६० दिवसांत निकालांत काढावा. मोठ्यांचा दावा वर्षानुवर्षें चालूं शकतो. सहामाही परीक्षा कोणासाठीं थांबत नाहीं.

शाळांविषयींही नियम आहे. ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठीं झालेल्या २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यांत, शाळा बदलणाऱ्या मुलाचा दाखला मुख्याध्यापकानें ताबडतोब द्यावा, आणि दाखल्यास उशीर झाला एवढ्यावरून नव्या शाळेनें प्रवेश अडवूं अथवा लांबवूं नये, अशी तरतूद आहे. अल्पसंख्य समाजाच्या शाळांस हा कायदा लागू नाहीं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं दिला. पण मित्रहो, इतर शाळांस कायद्यानें जें करावें लागतें त्याहून आपण कमी करावें, यासाठीं आपल्या पूर्वजांनीं विटा वाहिल्या नव्हत्या.

पवित्र ख्रिस्तसभेचा धर्मकायदाही याविषयीं मूक नाहीं. १९८३ च्या संहितेचें ११५४ वें कलम असें बजावतें कीं, पतिपत्नी विभक्त झाल्यावर मुलांच्या पोषणाची व शिक्षणाची योग्य तरतूद नेहमींच झाली पाहिजे. दोष कोणाचा, हा प्रश्न या कलमांत नाहीं. दोषी ठरो वा निर्दोष, आईबापांचें हें कर्तव्य सुटत नाहीं.

या सर्वांवरून कांहीं साध्या गोष्टी आपण मनाशीं बांधाव्या, अशी आमची विनंति आहे.

पहिली गोष्ट आईबापांस. शक्य तोंवर वर्षाच्या मध्यें शाळा बदलूं नका. बदलणें भागच असेल तर जुन्या शाळेंतून नांव निघणें व नव्या शाळेंत तें चढणें यांमध्यें दिवस जाऊं देऊं नका. जन्माचा दाखला, स्नानसंस्काराचा दाखला, गुणपत्रक हे कागद मुलाचे आहेत. त्यांच्या नकला दोन्हीं घरीं असाव्या.

दुसरी गोष्टही आईबापांसच. मुलाच्या दप्तरांतून एकमेकांस निरोप पाठवूं नका. “बापाला सांग, फी भर,” “आईला सांग, कोर्टांत भेटूं,” असे निरोप घेऊन जें मूल शाळेंत येतें, त्याच्या डोक्यांत व्याकरण शिरत नाहीं, हें आम्हीं पुष्कळ वेळां पाहिलें आहे.

तिसरी गोष्ट आजीआजोबा, काकामामा, धर्ममातापिता व शेजारी यांस. मूल समजूतदार वयाचें असेल तर न्यायाधीश त्याची इच्छा विचारांत घेऊं शकतो. १८९० च्या कायद्यांत तसें सांगितलेंच आहे. तें काम न्यायाधीशाचें आहे. आपण मात्र दर रविवारीं देवळाच्या दारांत त्या मुलाची साक्ष काढतों. तें बंद करावें. त्याऐवजीं त्या धर्ममातेप्रमाणें पुस्तकांची चौकशी करावी.

चौथी गोष्ट आम्हां शिक्षकांस. मुलाची प्रगति दोघांनाही कळवावी. घरची विचारपूस करावयाची तर एकांतांत करावी. “आईबापांस घेऊन ये,” असें सरसकट म्हणण्यापूर्वीं, कोणास तें शक्य नाहीं याचा विचार करावा.

एक अपवाद स्पष्ट सांगितला पाहिजे. ज्या घरांत मुलाला मारहाण होते किंवा त्याच्या जिवास धोका आहे, तेथें तडजोडीची गोष्ट नंतर. आधीं मूल सुरक्षित जागीं न्यावें. त्यासाठीं १०९८ या क्रमांकावर दूरध्वनि करतां येतो. अशा वेळीं गप्प राहणें ही तटस्थता नव्हे.

शेवटीं एका शोधाची आठवण करून देतों. बाळ येशू बारा वर्षांचा असतांना सणाहून परततांना आईबापांस दिसेनासा झाला. तो सोबतच्या लोकांत असेल असें समजून तीं दिवसभर चाललीं. मग दोघेंही यरुशलेमेस परत फिरलीं, आणि तीन दिवसांनीं तो मंदिरांत गुरुजनांमध्यें बसलेला त्यांस सांपडला. पवित्र मरियेनें संत योसेफास, किंवा योसेफानें मरियेस, दोष दिल्याचें शुभवर्तमानांत लिहिलेलें नाहीं. दोघांनीं दुःख सोसून शोध केला, एवढेंच लिहिलें आहे. जीं पतिपत्नी आज एका छपराखालीं राहत नाहींत, त्यांसही एवढें करतां येण्यासारखें आहे: आपलें मूल जेथें गुरुजनांमध्यें बसलें आहे, तेथवर दोघांनींही यावें.

तें कपाट अजून आमच्या शाळेंत आहे. भांडणापायीं अडकलेला एकही दाखला त्यांत यापुढें राहणार नाहीं, असें या महोत्सवाच्या वर्षीं आम्ही आपणांस वचन देतों. तें पाळण्याचें बळ पवित्र कुटुंबाच्या मध्यस्थीनें आम्हांस मिळावें, आणि आपल्या धर्मग्रामांतील प्रत्येक लेंकराचें दप्तर दोन घरांमध्येंही अखंड राहावें, हीच परमेश्वराजवळ प्रार्थना.