हायब्रिड गाडीचे दुसरे टायर

हायब्रिड गाडीवाल्यांची एक तक्रार हल्ली टायरच्या दुकानांत वारंवार ऐकू येते. जुन्या टायरवर गाडी लिटरला चोवीस देत होती, नवे घातल्यापासून बावीसच्या पुढे जायला तयार नाही. दुकानदाराने नक्कीच भलता माल गळ्यात मारला. २०२२ साली होंडा सिटीची हायब्रिड, मारुतीची ग्रँड व्हिटारा, टोयोटाची हायरायडर आणि वर्षअखेरीस इनोव्हा हायक्रॉस अशा गाड्या एकापाठोपाठ आल्या. त्या वेळी घेतलेल्या गाड्यांचे कंपनीचे टायर आता गुळगुळीत होत आले आहेत. त्यामुळे ही तक्रार पुढची काही वर्षे वाढतच जाणार. दुकानदाराला दोष देण्याआधी चाकात नेमके काय बदलले ते पाहायला हवे.

नव्या टायरच्या नक्षीची खोली आठ मिलिमीटरच्या आसपास असते. रबर जाड, म्हणून प्रत्येक फेऱ्यात दबणारे आणि सुटणारे रबरही जास्त. झिजत दोन मिलिमीटरवर आलेला टायर नव्यापेक्षा सुमारे वीस टक्के कमी ताकद खातो. म्हणजे टायर आयुष्यभरात सर्वांत जास्त इंधन खातो तो नवा असताना, आणि सर्वांत कमी खातो तो टाकून द्यायला झालेला असताना. मालक तुलना करतो ती नेमकी या दोन टोकांची.

त्यात मीटरचीही गंमत आहे. १९५/६५ आर १५ या मापाचा टायर नवा असताना साधारण ६३४ मिलिमीटर व्यासाचा असतो. सहा मिलिमीटर नक्षी गेली की त्याची त्रिज्या जवळजवळ दोन टक्क्यांनी घटते, तेवढ्याच रस्त्याला चाक जास्त फेरे घेते, आणि मीटर मोजतो ते फेरेच. गाडी प्रत्यक्षात ९८ किलोमीटर गेलेली असते, मीटरवर १०० पडतात. जुन्या टायरवरचे ते चोवीस खरे तर साडेतेवीस होते. उरलेल्या दीडातला मोठा वाटा नव्या रबराच्या जाडीचा. एवढी वजाबाकी करून जी घट शिल्लक राहते, ती मात्र खरोखर टायरच्या निवडीची असते, आणि या लेखाचा विषय तीच आहे.

गाडीच्या भाराने टायर जमिनीपाशी चपटा होतो आणि पुढे सरकताच पुन्हा गोल होतो. ताशी ऐंशीच्या वेगाला हे सेकंदाला अकराएक वेळा घडते. रबर दबताना जेवढी ऊर्जा घेते तेवढी सुटताना परत करत नाही. फरकाची उष्णता होते. लांबच्या प्रवासानंतर टायरवर हात ठेवला तर लागणारी ऊब हे टाकीतलेच पेट्रोल असते. या खाऊन टाकलेल्या ताकदीला रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात आणि तो टनामागे किती किलोचा ओढा, असा मोजतात. माणसांसकट दीड टन भरणारी गाडी आणि टनामागे दहा किलोचा टायर घेतला, तर गाडी रस्त्यावर असेपर्यंत पंधरा किलोचा ओढा सतत मागे खेचत असतो. आठ किलोचा टायर घातला की तो बारावर येतो.

हे तीन किलो शंभर किलोमीटर ओढायला हायब्रिडच्या इंजिनाला ०.२ लिटरच्या आसपास पेट्रोल लागते. चाळीस हजार किलोमीटरला ऐंशी लिटर. लिटरला शंभर रुपये धरले तर आठ हजार, म्हणजे टायरमागे दोन हजार. चांगल्या टायरसाठी किती जास्त मोजावेत याची मर्यादा या आकड्यातून आपोआप मिळते. बावीसचे ॲव्हरेज देणाऱ्या गाडीला ही बचत चार टक्क्यांच्या घरात जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या परिवहन संशोधन मंडळाने २००६ मध्ये प्रवासी गाड्यांच्या टायरांवर अहवाल काढला, त्यात रोलिंग रेझिस्टन्स दहा टक्के कमी केल्यास एक ते दोन टक्के इंधन वाचते असे म्हटले होते. वरच्या उदाहरणात तो वीस टक्के उतरला आहे, तेव्हा दोन्ही हिशेब एकमेकांच्या जवळच येतात.

हायब्रिडवाल्याला हे जास्त जाणवते, कारण या गाडीने बाकीची गळती आधीच बंद केलेली असते. सिग्नलला इंजिन बंद. ब्रेक दाबला की मोटर जनरेटर बनून बॅटरी भरते. मग उरते काय? हवेचा विरोध आणि टायर. टायरमध्ये उष्णता होऊन गेलेली ऊर्जा कोणतीही मोटर परत मिळवू शकत नाही. समृद्धी महामार्गावर ताशी १२०ने जाताना हवेपुढे टायरचा वाटा छोटा दिसतो. शहरात तीस-चाळीसच्या वेगाला हवा जवळजवळ गप्प असते आणि टायरच बोलतो. हायब्रिड घेणाऱ्यांचा बराचसा प्रवास शहरातलाच असतो.

आता कंपनीच्या टायरविषयी. गाडी बनवणाऱ्याला एआरएआयच्या चाचणीतला मायलेजचा आकडा जाहिरातीत छापायचा असतो. हायरायडर आणि ग्रँड व्हिटाराच्या हायब्रिडला २७.९७ हा आकडा मिळाला, तेव्हा त्यात त्या गाडीच्या टायरचाही वाटा होता. साहजिकच गाडीवाली कंपनी टायर कंपनीकडून कमी ओढ्याचा टायर मुद्दाम बनवून घेते, प्रसंगी नक्षीची खोली थोडी कमी ठेवून. दुकानात त्याच नावाचा, त्याच मापाचा टायर मिळतो, पण त्याचे रबर तेच असेल असे नाही. दुकानातले गिऱ्हाईक टिकाऊपणा आणि किंमत विचारते, म्हणून दुकानातला टायर टिकाऊपणाकडे झुकवलेला असतो. कॅलिफोर्नियाने ही तफावत ओळखून २००३ मध्येच कायदा केला. गाडीसोबत आलेल्या टायरइतकाच इंधन वाचवणारा टायर बदलीसाठीही मिळाला पाहिजे, हा त्याचा गाभा.

पण टायरचे पहिले काम गाडी थांबवणे हे आहे. इंधन त्यानंतर. कमी ओढ्याचा टायर करण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे रबर कडक करायचे, आणि कडक रबर ओल्या रस्त्यावर घसरते. रोलिंग रेझिस्टन्स, ओल्या रस्त्यावरची पकड आणि टिकाऊपणा या तिघांपैकी एकाला वर उचलले की दुसरे खाली जाते, हे टायर बनवणाऱ्यांचे जुने दुखणे. त्यातून वाट काढली मिशलॅनने. १९९२ मध्ये त्यांनी बाजारात आणलेल्या टायरमध्ये काजळीचा बराचसा भाग काढून त्याऐवजी सिलिका घातली होती. सिलिका रबरात सहजी मिसळत नाही. दोघांना बांधून ठेवायला सिलेन नावाचे रसायन लागते. ते जमले आणि एक फार उपयोगी गुण हाती आला. चाक फिरताना रबराला सेकंदाला दहा-बारा हेलकावे बसतात. ब्रेक दाबून खडीच्या खडबडीत पृष्ठावर घासताना तेच रबर सेकंदाला हजारो वेळा थरथरते. सिलिकाचे रबर मंद हेलकाव्यात कमी ऊर्जा खाते आणि वेगवान थरथरीत जास्त खाते. जिथे खायला नको तिथे खात नाही, जिथे खाल्ल्यावाचून गाडी थांबणार नाही तिथे खाते. गेल्या पन्नास वर्षांतल्या रबरशास्त्रातले हे सर्वांत सुंदर काम म्हणावे लागेल.

मात्र सिलिका महाग आणि मिसळायला अवघड, म्हणून प्रत्येक स्वस्त ‘इको’ टायरमध्ये ती पुरेशी असेलच असे नाही. युरोपात टायरवर लेबल आले तेव्हा ओल्या रस्त्यावर ताशी ऐंशीवरून थांबताना ए आणि एफ या श्रेणींमधला फरक अठरा मीटरपर्यंत जातो, असे युरोपीय आयोगाने सांगितले होते. अठरा मीटर म्हणजे चार गाड्या एकामागे एक उभ्या केल्यावर होणारी लांबी. जूनच्या पहिल्या सरीनंतर तेल-धुळीचा राडा झालेल्या रस्त्यावर, किंवा ताम्हिणीच्या उतारावर, या चार गाड्यांच्या अंतरापुढे ऐंशी लिटर पेट्रोलची काय किंमत? ज्या टायरची ओल्या रस्त्यावरची पकड साधारण आहे तो लिटरला तीसचे ॲव्हरेज देत असला तरी महाराष्ट्रात, कोकणात, गोव्यात घेऊ नये.

मग दुकानात उभे राहून हे ओळखायचे कसे? युरोपात २०२१च्या मे महिन्यापासून नवे लेबल आहे. प्रवासी गाड्यांच्या टायरमध्ये टनामागे साडेसहा किलोपर्यंत ए श्रेणी, तिथून उतरत शेवटी ई. ओल्या पकडीची श्रेणी वेगळी, आवाजाची वेगळी, आणि प्रत्येक मापाला स्वतंत्र लेबल. जपानमध्ये टायर उत्पादकांनी २०१० पासून स्वतःहून अशीच पद्धत लावली. आपल्याकडे एआयएस-१४२ हे मानक आहे. रोलिंग रेझिस्टन्स आणि ओली पकड यांच्या किमान अटी नव्या रचनेच्या टायरांना ऑक्टोबर २०२२ पासून आणि आधीपासून बनत असलेल्यांना एप्रिल २०२३ पासून लागू झाल्या. प्रवासी गाडीच्या टायरला ही मर्यादा टनामागे साडेदहा किलो आहे. साडेदहाचा टायर पास आणि साडेसहाचाही पास. दोन्हींवर आयएसआयची खूण सारखीच. गिऱ्हाइकाला त्या दोघांतला फरक समजावा म्हणून ऊर्जा दक्षता ब्यूरोने टायरसाठीही तारे आणले, पण ते ऐच्छिक ठेवले. त्यामुळे तारे असलेला टायर मिळाला तर तो नक्की बघावा, नाही मिळाला तर त्याच कंपनीच्या त्याच मापाच्या टायरचे युरोपीय लेबल पाहावे. तेही भारतात बनलेल्या टायरला तंतोतंत लागू होईल असे धरू नये. ‘इकोपिया’, ‘ब्लूअर्थ’ अशी नावे बनवणाऱ्याचा उद्देश सांगतात. आकडा सांगत नाहीत.

माप बदलायचा मोह तर हमखास होतो. मोठे अलॉय, रुंद टायर, गाडी भरदार दिसते. याची किंमत पाहायची असेल तर २०२३ची अमेरिकेतली प्रियस घ्यावी. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या तिच्या साध्या मॉडेलला १७ इंची चाके आणि सरकारी चाचणीत गॅलनला ५७ मैल. त्याच इंजिनाची, त्याच ताकदीची वरची मॉडेले १९ इंची चाकांवर, त्यांना ५२. आपल्या हिशेबात लिटरला २४.२ आणि २२.१. वरच्या मॉडेलचे थोडे वाढीव वजनही त्यात आहे, पण लक्षात येण्यासारखा बदल चाकांचाच. आणि त्या १९ इंची टायरचीही रुंदी १९५च ठेवली आहे, हे शौकिनांनी लक्षात घ्यावे. बीएमडब्ल्यूने आय-थ्री या विजेच्या गाडीला तर १५५/७० आर १९ असे उंच आणि अरुंद टायर दिले होते.

टायर उतरवून समोर ठेवला की साइडवॉल वाचावी. २१५/६० आर १७ ९६ एच असे लिहिले असेल तर ९६ म्हणजे एका टायरला ७१० किलो भार, एच म्हणजे ताशी २१० पर्यंतचा वेग. बॅटरी आणि मोटरमुळे हायब्रिड तिच्या साध्या भावंडापेक्षा जड असते, म्हणून भाराचा आकडा कंपनीच्या टायरपेक्षा खाली कधीही जाऊ देऊ नये. बाजूला डीओटीच्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. दोन वर्षे गोदामात पडलेला टायर सवलतीत मिळत असेल तर सवलत कशाची आहे हे त्या चार आकड्यांत दिसते.

मग टिकाऊपणा. समजा चार टायर चाळीस हजारांना पडले. पन्नास हजार किलोमीटर टिकले तर किलोमीटरला ऐंशी पैसे. पस्तीस हजारांतच संपले तर एक रुपया चौदा पैसे. चौतीस पैशांचा फरक, आणि कमी ओढ्याने वाचवलेले पेट्रोल किलोमीटरला वीस पैशांचे. लवकर झिजणारा टायर बचत तर खातोच, वर खिशालाही चाट लावतो. पुढची चाके चालवणाऱ्या हायब्रिडमध्ये मोटरचा जोर आणि बॅटरी भरणारे ब्रेकिंग दोन्ही पुढच्याच टायरांवर येते, तेव्हा दर दहा हजारांना टायर पुढे-मागे करून घेणे आणि अलाइनमेंट तपासणे चुकवू नये.

हवेचा दाब दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवरचाच ठेवावा आणि गार टायरवर मोजावा. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या हिशेबाने चारही टायरांतला दाब सरासरी एक पीएसआय उतरला की मायलेज ०.२ टक्के घटते. महिन्याला एखादा पीएसआय आपोआप जातोच. सहा महिने दुर्लक्ष केले की महागड्या टायरची एक चतुर्थांश बचत गेली. नायट्रोजन भरून यात विशेष फरक पडत नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

या सगळ्यात गिऱ्हाइकाला जे अंदाजाने करावे लागते, ते सरकारी चाचणीत आधीच मोजलेले असते. मानक पूर्ण झाले की नाही हे ठरवायला ओढा आणि पकड दोन्ही मोजावी लागतात, आणि तो आकडा अहवालात लिहिलेला असतो. फ्रॉस्ट-फ्री फ्रिज आणि एसीवर २०१० पासून तारे सक्तीचे आहेत. टायरवरही ते सक्तीचे व्हावेत आणि ताऱ्यांच्या शेजारी ओल्या रस्त्यावरच्या पकडीची श्रेणी छापलेली असावी, ही मागणी ग्राहक संघटनांनी आता लावून धरायला हवी. तोवर टायर घेणाऱ्याने दुकानदाराकडे हे दोन आकडे मागावेत आणि बिलावर लिहून द्यायला सांगावे. पहिले काही दुकानदार मान हलवतील. दहा गिऱ्हाइकांनी विचारले की ते कंपनीच्या प्रतिनिधीला फोन लावतील.