गेलेली पाळी परत येत नाही

हा विषय जाहीर झाल्यावर संयोजकांनी मला विचारलं, 'मॅडम, हे व्याख्यान फक्त महिलांसाठी ठेवायचं का?' मी म्हटलं, अजिबात नको. बाईला दवाखान्यात कधी न्यायचं आणि सोबत पैसे किती घ्यायचे, हे आपल्याकडे बऱ्याच घरांत पुरुषच ठरवतात. तेव्हा पुढच्या रांगेतल्या काकांनी खाली मान घालू नये.

साठीची बाई. पाळी जाऊन दहा वर्षं झाली. एक दिवस लुगड्याला डाग दिसतो. ती सुनेला म्हणते, 'पाळी परत आली वाटते.' शेजारीण म्हणते, उष्णता झाली, सब्जा पी. वर्ध्याच्या उन्हाळ्यावर काहीही खपतं! दोन दिवसांत डाग थांबतो आणि सब्जाला श्रेय मिळतं.

सलग बारा महिने पाळी आली नाही, म्हणजे ती गेली. त्यानंतर लाल, तपकिरी, गुलाबी असं काहीही दिसलं, अगदी एकदाच दिसलं, तरी तपासणी हवीच. घाबरवण्यासाठी सांगत नाही. अशा दहापैकी साधारण नऊ जणींना कर्करोग नसतो. कुणाचं अस्तर पातळ होऊन सोललेलं असतं, कुणाला पॉलिप असतो. पण दहावी कोण, हे चेहऱ्यावरून मला कळत नाही, शेजारणीलाही कळत नाही. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग बहुतेक वेळा रक्त दाखवून लवकरच कळवतो. त्या वेळी आलेली बाई पुष्कळदा पूर्ण बरी होते.

पाळी चालू असलेल्या बाईचं गणित वेगळं. दोन पाळ्यांच्या मध्ये डाग, पाळी आठ दिवसांपुढे जाणं, रक्ताच्या गाठी पडणं याची कारणं अनेक: गर्भाशयातल्या गाठी, थायरॉइड, तांबी, अधूनमधून चुकवलेल्या गोळ्या, आणि चाळिशीनंतर बिघडलेली पाळीची लय. संबंधानंतर रक्त दिसलं तर गर्भाशयाचं मुख तपासलंच पाहिजे. हे लक्षण बायका सर्वांत उशिरा सांगतात, कारण ते सांगायचं कसं, हाच प्रश्न असतो.

मात्र पहिली तपासणी लघवीची, गर्भ आहे का याची. 'माझं ऑपरेशन झालंय' असं सांगणाऱ्या बाईचीही करायची. नसबंदी क्वचितच फसते, पण फसली तर गर्भ नळीत राहण्याचा धोका जास्त असतो. थोडंसं रक्त, पोटात एका बाजूला कळ, खांद्यात दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी: अशा वेळी उद्याची बस बघायची नाही, 108 ला फोन करायचा. पॅड किंवा घडी तासाभरात भिजते आहे आणि सलग दोन तास तसंच चाललंय, तेव्हाही हेच. बाळंतपणानंतर किंवा दिवस गेलेले असताना जास्त रक्त गेलं, तर दोन तासही थांबू नका.

आता मूळ दुखण्याकडे येते. वर्ध्याच्या खेड्यांत काम करून पुढे गडचिरोलीला गेलेल्या डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या 650 स्त्रिया तपासल्या. 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते निष्कर्ष आले. 92 टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता. त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम आठ टक्के. मला पहिल्यापेक्षा दुसरा आकडा जास्त बोचतो.

कारण ही तपासणी दोन्ही टोकांना गळते. एक बाई सगळं अंगावर काढते. दुसरी तिशीतच 'पिशवी काढून टाका' म्हणते, आणि तसं करून देणारेही भेटतात. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांची ही कहाणी विधिमंडळात गाजली. सरकारी समितीच्या पाहणीत सुमारे 82 हजार बायकांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. मजुरी बुडवणाऱ्या पाळीवरचा तो उपाय होता. त्यात अंडाशयही गेलं, तर ऐन तारुण्यात हाडं झिजू लागतात. पिशवी काढावी लागते, मीही काढते. पण रक्त कशामुळे जातंय हे कळल्यावर.

शोध वेळेत घेतला तर काय होतं, तेही याच महाराष्ट्राने दाखवलं आहे. 1999 पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी ज्या गटाची आयुष्यात एकदाच झाली, त्या गटातले या कर्करोगाचे मृत्यू निम्म्यावर आले. पण ती चाचणी त्रास नसलेल्या बाईसाठी. रक्त जात असेल, तर 'मागच्या शिबिरात सगळं चांगलं निघालं होतं' म्हणून घरी बसू नका.

तपासणीला दहा मिनिटं लागतात. डॉक्टर बाईच हव्यात, असं सांगा. सोबत बहीण किंवा सून असू द्या. रक्त चालू आहे म्हणून तपासणी टाळू नका. सेवाग्राम, सावंगी आणि वर्ध्याचं सामान्य रुग्णालय आपल्या हाताशी आहेत. आष्टी-कारंज्याकडच्यांनी आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जावं, तिथून पुढे पाठवतात. जाताना शेवटच्या पाळीची तारीख आणि चालू गोळ्यांची पाकिटं न्या.

प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्या. नाव नको. 'मैत्रिणीसाठी विचारतेय' असं लिहिलं तरी चालेल, आणि काकांनी 'मित्राच्या बायकोसाठी' असं लिहिलं, तरीही उत्तर देईन.