शिष्यवृत्तीसाठी सेवा की वेठ?

(शिरूर व दौंड तालुक्यांच्या शिवेवरील एका गावी, पालकांच्या सभेत एका शाळामास्तरांनी केलेले भाषण.)



रानात कामाची घाई असता तुम्ही दोन घटका सवड काढून येथे आलात, यावरूनच पोरांच्या शिक्षणाची कळकळ तुम्हांस किती आहे हे दिसते. तेव्हा पाल्हाळ न लावता आम्ही विषयालाच हात घालतो.

हल्ली गरीब मुलांस शिष्यवृत्ती देणाऱ्या कित्येक धर्मादाय संस्था आपल्या अर्जात एक रकाना ठेवतात. परीक्षेत गुण किती पडले, घरचे उत्पन्न किती, हे विचारून झाल्यावर त्या रकान्यात विचारलेले असते की, उमेदवाराने समाजाची सेवा कोणती केली व तिचा दाखला कोठे आहे? तोवर अर्ज भराभर भरीत आलेली आमची मुले या रकान्यापाशी येऊन थांबतात. मग घरोघर वाद सुरू होतो. एक पक्ष म्हणतो, "पोर शिकायला धाडले आहे, गावची गटारे उपसायला नव्हे." दुसरा पक्ष म्हणतो, "मास्तर, सहीशिक्का तेवढा मारून द्या. काम केले की नाही, हे पाहायला कोण येतो?" आम्हांस हे दोन्ही पक्ष पसंत नाहीत. परंतु पहिल्या पक्षाच्या रागाला आधार आहे, म्हणून आधी त्याचेच म्हणणे घेऊ.

आपल्या जुन्या गावगाड्यात सेवा हा शब्द फार स्वस्त होता. अंमलदार मुक्कामाला आला की त्याच्या घोड्याला वैरण कोणी आणायची, चुलीला लाकूड कोणी फोडायचे, ओझे कोणाच्या डोक्यावर द्यायचे, हे जन्मावरून ठरलेले असे. वेशीबाहेरच्या माणसाने सांगावा न्यायचा, चावडी झाडायची, मेलेले ढोर ओढायचे. आणि एवढे करून त्याने ती आपली सेवा समजायची! शाहू छत्रपतींनी कोल्हापूर संस्थानात १९१८ साली महारवतन रद्द केले. मुंबई राज्यात कनिष्ठ गाववतने रद्द करण्याचा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. ज्याच्या आज्याने हे सारे भोगले, तो बाप आपल्या पोराच्या हाती शाळेने झाडू दिलेला पाहून दचकला, तर त्याला आळशी कोणी म्हणू नये. त्याला घरची आठवण आहे.

पण मंडळी, आता आपल्या हाती राज्यघटना आहे. तिच्या २३ व्या कलमाने वेठबिगार व सक्तीची मजुरी यांस मनाई केली आहे. त्याच कलमात पुढे असे म्हटले आहे की, सार्वजनिक कामासाठी सरकारला सक्तीची सेवा लावता येईल. मात्र ती लावताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग पाहून भेद करता येणार नाही. शाळेतल्या कामाचे मापही आम्ही याच कलमावरून घेतो. एका आळीच्या पोरांच्या हाती झाडू आणि दुसऱ्या आळीच्या पोरांच्या हाती वही, असे जेथे होईल ती वेठ होय. मग तिला सेवा म्हणा, श्रमदान म्हणा, की संस्कार म्हणा. जेथे हजेरीपटाच्या क्रमाने पाळी लागते, सरपंचाचा मुलगा, मास्तराची मुलगी आणि ऊसतोडणीवाल्याचे पोर एकाच फडक्याने एकच फळा पुसतात, तेथे रागावण्याचे कारण नाही.

आता त्या रकान्याकडे वळू. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे जे निवेदन केले, त्यात शिष्यवृत्त्यांचाही विचार आहे. चढाओढीने शिष्यवृत्ती देण्याची रीत वरवर न्यायाची दिसते, पण मागे राहिलेल्या वर्गांत तिने विद्या पसरत नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. आणि ज्या वर्गांत शिक्षण पोचलेच नाही त्यांच्या मुलांना काही शिष्यवृत्त्या मिळाव्यात, असे त्यांचे मागणे होते. अट सर्वांस सारखी आहे एवढ्याने ती न्यायाची ठरत नाही. ती कोणाच्या घरात जाऊन काय करते, हे पाहावे लागते.

सेवेच्या अटीचेही तसेच आहे. शहरातल्या सुखवस्तू घरचा मुलगा रविवारी सकाळी टेकडीवर जातो, चार रोपे लावतो, फोटो काढतो, आणि दुपारपर्यंत त्याच्या हाती छापील दाखला पडतो. त्याच्या रविवारला दुसरा धनी नाही. आता आपल्याकडचे पाहा. कांदा काढणीला आला की मुलगी आईबरोबर वाफ्यात बसते. पंपाला वीज रात्रीची असली की मुलगा बॅटरी घेऊन बापाबरोबर दारे धरायला जातो. उसात बिबट्या असेल म्हणून जीव मुठीत धरून जातो. सुताराचे पोर रंधा मारते, कुंभाराचे पोर चिखल तुडवते, धनगराचे पोर कोकरांमागे फिरते. थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन पाठांतर करते, आणि आंधळ्या आजीला दवाखान्यात नेते. एवढे करून ती मुलगी त्या रकान्यात काय लिहिते? "काही नाही." मंडळी, तिच्या या दोन शब्दांइतके खोटे त्या साऱ्या अर्जात दुसरे काही नसेल!

हे गाऱ्हाणे एकट्या शिरूर-दौंडचे आहे असे समजू नका. अमेरिकेत फ्लोरिडा नावाचे राज्य आहे. तेथे १९९७ पासून 'ब्राइट फ्युचर्स' नावाची सरकारी शिष्यवृत्ती चालू आहे. तिच्या वरच्या दर्जासाठी हायस्कुलातल्या मुलाने १०० तास समाजसेवा केलेली असावी लागे. ज्या पोराला शाळा सुटल्यावर दुकानात पगारी काम करून घराला हातभार लावावा लागतो, त्याने हे तास कोठून आणावेत? अखेर २०२२ साली तेथे कायदा बदलला, आणि १०० तासांचे पगारी कामही चालेल असे ठरले. इतक्या धनवान देशाला जे कळले, ते आपल्याकडच्या दानशूर विश्वस्तांनाही कळण्यासारखे आहे. मात्र ते त्यांना कोणीतरी सांगितले पाहिजे. सांगायचे कोणी? आपणच.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. सरकारच्या ज्या शिष्यवृत्तीकडे आपल्या मुलांनी आधी पाहावे, तिला सेवेची अट मुळीच नाही. आठवीत असताना राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा होते. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतल्या मुलांना तिला बसता येते. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे. निवड झाली की नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मुलाच्या बँक खात्यात जमा होतात. तेव्हा दाखल्याच्या धास्तीने कोणी अर्जच करायचा नाही, असे होऊ देऊ नका.

मग मुलांनी गावाचे काम करूच नये काय? अवश्य करावे, पण कसे, हे दोन उदाहरणांनी सांगतो.

पहिले उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटलांचे. सत्यशोधक विचारात मुरलेल्या या पुरुषाने १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. सर्व जातींची मुले तेथे एका पंगतीला जेवत. आपला स्वयंपाक आपण करीत, रानात राबत. लक्ष्मीबाईंनी पोरांच्या पोटासाठी आपले दागिने विकले. पुढे १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले, तेव्हा श्रम करावेत आणि फुकट शिकावे, अशी तेथील रीत ठेविली. यातले मर्म ओळखा. तेथील मुलगा आपली फी आपल्या हातांनी मिळवीत होता, म्हणून कोणाच्या उपकाराखाली दबला नाही. श्रम घेऊन पैसा द्यायचा असेल तर त्याला सरळ मजुरी म्हणावे, आणि हिशेब चोख ठेवावा. पुणे विद्यापीठाच्या महाविद्यालयांतून आज भाऊरावांच्या नावाने 'कमवा व शिका' योजना चालते. तिच्यात तासावर मोबदला मिळतो, आणि मुलाची मान ताठ राहते.

दुसरे उदाहरण आपल्याच शिरूर तालुक्यातील पाबळचे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नशास्त्राचे मोठे जाणकार. मुंबईची चांगली नोकरी सोडून त्यांनी १९८३ साली पाबळसारख्या कोरडवाहू गावी विज्ञान आश्रम काढला. हायस्कुलातल्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हाताने काम करून शिकावे, अशी त्यांची योजना होती: लोखंडकाम व बांधकाम, वीज व पर्यावरण, शेती व जनावरे, घर व आरोग्य. मुले माती तपासायला शिकली, रक्तगट पाहायला शिकली, विजेची जोडणी करायला शिकली. आणि शिकलेले काम गावकऱ्यांना करून देऊ लागली. राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने पुढे हा विषय मान्य केला. येथे गावाचे काम होते, आणि मुलाच्या हातात विद्या उरते. जुन्या वेठीत मात्र गावाचे काम होई आणि राबणाऱ्याच्या हाती फोडांखेरीज काही उरत नसे.

तेव्हा शाळेने पोराला कोठे कामाला नेले, तर घरी आल्यावर त्याला तीन प्रश्न विचारा. आज काय नवे शिकलास? सगळ्यांनी केले की ठरावीक पोरांनीच? आणि अभ्यासाचा तास बुडाला काय? उत्तरे समाधानाची नसतील तर शाळेत या आणि आम्हांस जाब विचारा. मास्तराला जाब विचारणारा बाप शाळेला जड होत नाही. मुलींच्या बाबतीत चौथा प्रश्न विचारा: उजेड असता घरी पोचलीस ना?

आता दुसऱ्या पक्षाला, म्हणजे नुसता शिक्का मागणाऱ्यांना, आमचे सांगणे आहे. खोटा दाखला फुकट मिळत नाही. आज एका मुलाला काम न करता दाखला दिला, तर उद्या ज्याने खरोखर काम केले त्याच्या कागदावरही कोणी विश्वास ठेवणार नाही. आमच्या पोरांपाशी वशिला नाही, ओळखपाळख नाही. त्यांचा कागद खरा असतो एवढीच त्यांची पत. ती आम्ही आमच्या सहीने बुडवणार नाही. ज्यांना रीतसर दाखला हवा, त्यांनी अकरावीत गेल्यावर तेथे राष्ट्रीय सेवा योजनेचे पथक असल्यास त्यात नाव घालावे. ही योजना १९६९ पासून चालू आहे. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे शिबिर, असा तिचा नेम आहे.

आणि ज्या मुलीने "काही नाही" असे लिहिले, तिचे काय? तिने ते दोन शब्द खोडावेत. दहा वर्षांच्या वयापासून आजीची शुश्रूषा करते, कांदा काढणीत रोज इतके तास राबते, भावंडांचा अभ्यास घेते, असे तिने आपल्या शब्दांत लिहावे. तिळभर वाढवू नये आणि तिळभर लपवू नये. त्याखाली आम्ही, जे रोज डोळ्यांनी पाहतो ते, खरे म्हणून सही करू. अर्ज घेणाऱ्या विश्वस्तांना वेगळे पत्र लिहून कळवू की, घरचे काम व मजुरी ही सेवेच्या तासांत धरावी. त्या पत्रावर तुमच्याही सह्या हव्यात. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी अंगठा करावा. आपल्या पोराच्या हक्कासाठी केलेल्या अंगठ्याची लाज नाही.

पत्राचा मसुदा या टेबलावर ठेवला आहे. तो वाचून दाखवतो. नंतर ज्याला पटेल त्याने पुढे यावे.