शाळेतील मुक्काम आणि यजमानाची पूर्वतयारी
(महाड औद्योगिक वसाहतीच्या परिसरातील शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



आजच्या परिषदेत पाहुणचारावर बोलावयाचे मी ठरविले, हे ऐकून हा विषय घरचा आहे, शाळेचा नव्हे, असे आपल्यापैकी काहींस वाटले असेल. परंतु पावसाळा सरला की क्रीडास्पर्धा, विज्ञान प्रदर्शने, सहली आणि मागाहून शिष्यवृत्ती परीक्षा असा क्रम सुरू होतो. पोलादपूरकडील डोंगरवाड्यांवरची मुले आदल्या दिवशीच खाली उतरतात. देशावरील शाळा रायगड दाखविण्यास मुले आणतात आणि रात्रीपुरता आसरा मागतात. अशा वेळी रस्त्यालगतच्या व मोठ्या वर्गांच्या शाळेकडे यजमानपद आपोआप चालून येते. पाहुणा दोन तासांचा असेल तर उणीव झाकता येते; मुक्कामाचा पाहुणा आपली मोरी पाहतो, आपला अंधार पाहतो आणि आपण कोणास कोठे बसवितो हेही पाहतो.

आपल्या तालुक्यास या गोष्टीचा जुना अनुभव आहे. सन १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडास आला. महाराज त्या वेळी प्रतापगडास भवानीच्या दर्शनास गेले होते, म्हणून त्याला पायथ्याशी पाचाडास थांबावे लागले. पुढे गडावर राहण्यास घर मिळाले. या मंडळींना रोज मांस लागे. ते पुरविणारा म्हातारा खाटीक, एवढे मांस खाणारी माणसे आहेत तरी कोण, हे पाहण्यासाठी गड चढून वर आला, असे डॉ. जॉन फ्रायर याने लिहून ठेवले आहे. राज्याभिषेकाची धांदल चालू असतानाही पाहुण्याच्या ताटाची सोय त्याच्या सवयीप्रमाणे झाली, ही त्यातील ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट.

मात्र मला आज अधिक बोलावयाचे आहे ते १९२७ सालाविषयी. १९ व २० मार्च रोजी महाडास कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याचा इतिहास आपण दरवर्षी मुलांना सांगतो. पण परिषद भरविणाऱ्यांपुढे कोणता व्यावहारिक प्रश्न होता, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. हजारो माणसे कित्येक कोसांवरून येणार, रात्र काढणार, आणि त्यांना गावात पाण्याचा थेंब घेण्याची मोकळीक नाही! मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव केला होता. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या पुढाकाराने महाड नगरपालिकेनेही १९२४ साली तळे खुले केल्याचे ठरविले होते. कागदावर पाणी होते; घागरीत नव्हते. तेव्हा रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, टिपणीस प्रभृती कार्यकर्त्यांच्या या परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. भाकरी फडक्यात बांधून आलेल्या माणसांना पाणी पैसे मोजून पाजावे लागले, आणि तळे तर तेथून चालत जाण्याच्या अंतरावर! दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सर्वांना घेऊन त्या तळ्यावर गेले. परतल्यावर जेवणाऱ्या माणसांवर हल्ला झाला आणि अन्न मातीत गेले, हेही आपणांस ठाऊक आहे.

त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली. या खेपेची तयारी पाहण्यासारखी आहे. गावातील व्यापारी माल देणार नाहीत हे गृहीत धरून दहा दिवस पुरेल इतका शिधा बाहेरून आणून ठेवला गेला. मंडपास जागा मिळेना, ती फत्तेखान यांनी दिली. बाबासाहेब व त्यांच्यासमवेतचे प्रतिनिधी मुंबईहून बोटीने निघून दासगावास उतरले आणि तेथून सुमारे पाच मैलांवरील महाडास आले. प्रवास, जागा, धान्य या तिन्ही बाबतींत मार्चमध्ये जे नडले त्यावर डिसेंबरमध्ये आधीच उपाय योजिला होता. पूर्वतयारी म्हणजे काय, हे सांगण्यास मला याहून चांगले उदाहरण सापडत नाही.

येणाऱ्यांपैकी कोणास येथे सर्वांत अधिक अडचण होईल, हा प्रश्न यजमानाने प्रथम विचारावयाचा असतो. प्रमुख पाहुण्यांची अडचण कधी होत नाही. खुर्ची, शाल, श्रीफळ, पाण्याची बंद बाटली हे सारे त्यांच्यासाठी तयार असते. सत्कारांवर आपण एवढा वेळ का दवडतो, हे मला आजवर समजलेले नाही. एका शाळेत, नाव सांगत नाही, मुलींनी दुपारपासून पाणी पिणेच सोडले होते, कारण शौचालयास कुलूप होते आणि किल्ली कोणाकडे हे विचारण्याची त्यांना लाज वाटत होती. व्यासपीठ मात्र फुलांनी सजलेले होते.

पाण्याचा हिशेब आधी करा. आपत्तीतील निवाऱ्यातदेखील माणशी रोज पंधरा लिटरांहून कमी पाणी असू नये, असे जगभर मानतात. आपण वीस धरावे. साठ मुले आली तर बाराशे लिटर झाले. हजार लिटरची टाकी भरलेली आहे म्हणून निश्चिंत राहू नये. पिण्याचे पाणी वेगळे, झाकलेले, आणि ओगराळ्याने काढावयाचे. पेले सर्वांचे एकाच ठिकाणी, पंगत एकच. कातकरी वाडीवरची मुले कडेला आपापली बसली, तर ‘त्यांना तसेच आवडते’ असे म्हणून सोडून देऊ नका. शिक्षकाने स्वतः त्यांच्या मध्ये जाऊन बसावे आणि इतर मुलांना हाक मारावी.

जेवणाविषयी आधीच पाठवणाऱ्या शाळेस विचारावे. वसाहतीत कामास आलेल्या उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाकडील कुटुंबांची मुले आता आपल्या वर्गांत आहेत. कोणास अंडे चालत नाही, कोणाचा उपवास असतो, कोणास शेंगदाणा बाधतो. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना नेमका आकडा आदल्या दिवशी द्यावा. ऐनवेळी वीस मुले वाढली म्हणजे आमटीत पाणी वाढते, आणि त्या बिचाऱ्यांस बोल लागतो.

निजण्याच्या व्यवस्थेत बारकाई फार आहे. मुलींच्या खोलीशेजारी शिक्षिकेची सोय हवी. अंथरुणे भिंतीस चिकटून नसावीत. आपल्या भागात विंचूकाट्याचे भय आहे. शौचालयाच्या वाटेवर रात्रभर दिवा असावा आणि वीज गेल्यास विजेरी कोठे आहे, हे मुलांनाही ठाऊक असावे. मुलींसाठी सॅनिटरी पॅड, जुनी वर्तमानपत्रे आणि झाकणाची बादली शौचालयातच ठेवा. मागावयास लावू नका. लहान मुलांपैकी एखाद्याचे अंथरूण रात्री भिजते. निजण्यापूर्वी आणि मध्यरात्री त्यांना उठवून नेणारा एक जण नेमावा, दोन चादरी व एक चड्डी बाजूस ठेवावी, आणि तरीही भिजलेच तर पहाटे सर्वांच्या आधी ती चादर धुऊन टाकावी. त्या मुलाचे नाव दुसऱ्या कोणास कळता कामा नये. परक्या शाळेत एकदा हसे झाले, तर ते मूल पुन्हा घराबाहेर मुक्कामास येणार नाही.

या वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. रात्री उग्र वास आल्यास वाऱ्याच्या आडव्या दिशेने कोणत्या वाटेने मुलांना न्यावयाचे, वाहन कोणाचे, अग्निशमन दलाचा क्रमांक कोणता, हे फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावे. आजारी मुलांची औषधे कोणाकडे, पालकांचे भ्रमणध्वनी कोणत्या वहीत, हेही तेथेच.

आणखी एक गोष्ट. सगळे पाहुणे आमंत्रण घेऊन येत नाहीत. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गाव दरडीखाली गेले आणि महाड शहर पाण्यात होते. अशा रात्री माणसे ओल्या कपड्यांनी शाळेच्या पडवीत येऊन उभी राहतात. सहलीच्या मुक्कामासाठी जे पातेले, ज्या चटया, जी विजेरी आपण जमविली, तीच त्या रात्री उपयोगी पडते. म्हणून हे साहित्य कार्यक्रम संपताच परत वाटून टाकू नये, एका कपाटात ठेवावे आणि कपाटाची किल्ली गावातच राहणाऱ्या व्यक्तीकडे असावी.

निरोपाच्या सकाळी गाडी हलण्यापूर्वी मुले मोजावीत, नावे घेऊन मोजावीत. पाठवणाऱ्या शाळेस निघाल्याची वेळ कळवावी. मग शांतपणे बसून एका वहीत काय कमी पडले ते लिहावे: दोन बादल्या, एक दिवा, दहा पेले. पुढील मुक्काम ज्या शाळेत असेल, त्या शाळेकडे ती वही आठवड्याभरात पोहोचवावी.