बेल वाजली की मांजर दारात!

कुणी लोकलमध्ये लटकत ऐकत असाल, कुणी भांडी घासता घासता. ज्यांच्या घरात मांजर आहे त्यांनी आज जरा कान टवकारून ऐका. अगदी तुमच्या मांजरासारखे.

बऱ्याच जणांची व्हॉइस नोट साधारण एकच असते. 'बेल वाजली की आमची मनी दाराशी हजर. दार उघडलं की पायातून सुळकन पॅसेजमध्ये. काय करू?' आणि त्याच्या शेवटी हळूच एक प्रश्न येतो, 'तिला बाहेर जायचंय, मग आपण कोंडून ठेवतोय का तिला?'

आधी या शेवटच्या प्रश्नाचं बघू. मांजर हा हद्दीचा प्राणी आहे. आपल्या हद्दीतला कानाकोपरा रोज हुंगून तपासायचा, हे त्याचं कामच. तुमचा पॅसेज म्हणजे त्याच्या हद्दीला लागून असलेला, न तपासलेला तुकडा. तिथे शेजाऱ्यांच्या चपला, कुणाच्या तरी कुत्र्याचा वास, खालून येणारा माशाच्या कालवणाचा घमघमाट. नाक खुपसावंसं वाटणारच! याचा अर्थ त्याला रस्त्यावर राहायचंय असा नाही. घरात वाढलेल्या मांजराला गाडी माहीत नसते, कुत्र्यांची टोळी माहीत नसते, बाहेरच्या बोक्यांशी मारामारी जमत नसते. वर रेबीज आहे, पॅनल्युकोपेनिया आहे. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. शहरातल्या फ्लॅटमधलं मांजर घरातच बरं. आणि घरातच राहणार असलं तरी त्याला लस द्यायचीच.

आता उपाय. पहिला म्हणजे नसबंदी. मांजरी चार-पाच महिन्यांची असतानाही माजावर येऊ शकते, आणि गाभण राहिली नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा येते. त्या दिवसांत ती रात्रभर ओरडणार, दार ओरबाडणार. बोक्याला तर लांबून वास लागतो. अशा मांजराला जाळ्या लावून आणि दारं लोटून तुम्ही किती दिवस थोपवणार? डॉक्टरांकडे जाऊन वेळ ठरवून टाका, बाकीचं सगळं नंतर.

दुसरा मुद्दा खास आपल्या घरांचा. तिन्हीसांजेला दिवा लावला की आजी दार उघडं ठेवते, लक्ष्मी यायची वेळ असते म्हणून. आता गंमत बघा. उजाडताना आणि मावळताना, अर्धवट उजेडात, मांजर सगळ्यात जास्त तरतरीत असतं, कारण ती त्याची शिकारीची वेळ. म्हणजे आजीचं दार उघडायला आणि मनीच्या अंगात यायला एकच मुहूर्त! इथे आजीशी वाद घालू नका, हराल. बाहेरच्या सेफ्टी डोअरच्या गजांना आतून बारीक धातूची जाळी किंवा अ‍ॅक्रिलिकची शीट मारून घ्या, खालच्या फटीसकट. मोकळ्या गजांतून मांजर सहज जातं. ज्या फटीतून डोकं गेलं, तिथून सहसा बाकीचं अंगही जातं. जाळी मारली की आतलं दार खुशाल उघडं ठेवा. लक्ष्मी आत येईल, मनी बाहेर जाणार नाही, आजीही खूश.

आणि त्याच वेळी, दिवेलागणीच्या आधी, दहा मिनिटं तिच्याशी खेळा. दोरीला पीस बांधून पळवा, तिला ते पकडू द्या आणि लगेच जेवायला घाला. शिकार झाली, पोट भरलं की मांजर अंग चाटतं आणि झोपतं. दाराशी ताटकळणाऱ्या कितीतरी मांजरांना दुखणं एकच असतं, कंटाळा. दिवसभर घर रिकामं, कपाटावर चढायला जागा नाही, खिडकीत बसायला फळी नाही. मग दार उघडणं हाच दिवसातला एकमेव कार्यक्रम उरतो.

दाराची सवय मोडायची तर दाराशी लाड बंद. घरात शिरल्या शिरल्या 'आलं गं माझं बाळ' करत उचलून घेता ना? मग ती दारातच वाट बघणार. आत या, दार लावा, चपला काढा, चार पावलं पुढे जा, मग काय ते लाड करा. दारापासून लांब एक स्टूल ठरवा. बेल वाजली की खाऊचा तुकडा त्या स्टुलावर. रोज केलंत तर काही आठवड्यांत बेल वाजल्यावर ती दाराकडे न जाता स्टुलाकडे पळायला लागते. पण हे घरातल्या सगळ्यांनी करायला हवं, कामाच्या मावशींनीसुद्धा. 'बिचारी ओरडतेय' म्हणून एकाने जरी तिला पॅसेजमध्ये फिरवून आणलं, तर ती पुढचा आठवडाभर ओरडते. ओरडण्याने दार उघडतं, हे तिला समजलेलं असतं.

गणपतीला माणसांची रीघ असते, रंगकाम निघतं, कधी सामान हलवायचं असतं. अशा दिवशी कसली सवय नि कसलं काय! मांजर बेडरूममध्ये, सोबत पाणी आणि मातीचा ट्रे, आणि दारावर चिठ्ठी, 'आत मांजर आहे, उघडू नये.' दिवाळीत फटाके सुरू व्हायच्या आधीच हे करा. घाबरलेलं मांजर मिळेल त्या फटीतून पळतं.

खिडक्या. 'मांजर कुठूनही पडलं तरी पायावर पडतं' हे ऐकून निर्धास्त राहणारे खूप आहेत. १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्राण्यांच्या हॉस्पिटलातला अभ्यास प्रसिद्ध झाला होता. उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांपैकी उपचार केलेली ९० टक्के वाचली, असा. पण ही हॉस्पिटलपर्यंत पोचलेली मांजरं. जी जागीच गेली त्यांना कोण घेऊन येणार? आणि वाचलेल्यांतही छातीला मार, तुटलेले पाय, फुटलेले जबडे होतेच. कबुतरांसाठी लावलेल्या नायलॉन जाळीवर विसंबू नका. उन्हाने ती कुजते, मांजर ती कुरतडतं, कडेचे हूक ढिले होतात. महिन्यातून एकदा हाताने ओढून बघा. बाथरूमच्या काचेच्या पट्ट्यांची खिडकी आणि एक्झॉस्टचं भोक, हे तर सगळेच विसरतात. तिथून मांजर थेट डक्टमध्ये.

एवढं करूनही निसटलीच तर? 'मनी मनी' करत रस्त्यावर धावू नका. २०१८ च्या एका अभ्यासात १२१० हरवलेल्या मांजरांची माहिती गोळा केली होती. सापडलेल्यांपैकी तीन चतुर्थांश ५०० मीटरच्या आत मिळाली, आणि फक्त घरात राहणारी बहुतेक त्याहून खूप जवळ, साधारण १३७ मीटरच्या आत. म्हणजे आपली बिल्डिंग, फार तर शेजारची. घाबरलेलं मांजर हाकेला ओ देत नाही, तुम्ही दोन फुटांवर असलात तरी. जिन्याखाली, मीटर रूम, पार्क केलेल्या गाड्यांच्या खाली, शेजाऱ्यांची बंद गॅलरी, असं वाकून टॉर्चने शोधा. डोळे चमकतात. सगळं शांत झाल्यावर, रात्री एक-दोनच्या सुमाराला पुन्हा एक फेरी मारा आणि खाऊचा डबा हळू वाजवा.

वॉचमनकाकांना आणि सोसायटीच्या ग्रुपवर फोटो द्या, पण सोबत लिहा, 'दिसली तर पकडायला जाऊ नका, मला फोन करा.' पाठलाग झाला की ती आणखी लांब जाते. मायक्रोचिप असेल तर उत्तम, पण चिप म्हणजे जीपीएस नव्हे. कुणीतरी मांजर डॉक्टरकडे नेऊन स्कॅन केलं, तरच मालकाचा पत्ता लागतो.

आणि सापडली की एकदम झडप घालू नका. जमिनीवर बसा, तिच्याकडे एकटक बघू नका, खाऊ पुढे सरकवा, ती जवळ आली की जाड टॉवेलमध्ये गुंडाळून घरी आणा. घरी आल्यावर रागवायचं नाही हं. तिला वाटेल घरी आल्याचीच शिक्षा मिळाली.

चला, माझ्या घरी बेल वाजतेय. कुणीतरी स्टुलावर जाऊन बसलंय.